गोव्यात नवीन वीज जोडणी घेताना अर्थिंग कसं करून घ्यावं

आमचं घर फोंडा तालुक्यात, सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला आहे. चतुर्थीच्या आधी राहायला गेलो. मीटर बसला होता, दिवे लागत होते, अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचं सिमेंटचं चेंबर झाकणासकट तयार होतं. आठवड्याभरात आई म्हणाली, "अरे, कपडे धुवायच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात." ती मागच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कपडे काढायची.

शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. मशीनच्या सॉकेटला अर्थची तार जोडलेलीच नव्हती. ती पाइपातून आली होती आणि बोर्डाच्या मागे गुंडाळून ठेवली होती. मग शंका आली म्हणून खड्डा उकरला, तर अडीच मीटरचा असायला हवा होता तो पाइप जेमतेम तीन फुटांचा. खाली चिरा (जांभा दगड) लागला, पाइप आत जाईना, म्हणून मिस्त्रीने वरून कापला आणि चेंबर बांधून टाकलं. कागदावर अर्थिंग 'व्यवस्थित' होतं. आईला काही झालं नाही, हे नशीब. तुम्हाला नशिबावर राहावं लागू नये म्हणून हे लिहितो आहे. मी इलेक्ट्रिशियन नाही. खड्ड्याला हात लावायचं काम परवानाधारक माणसाचंच. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि कुठे उभं राहून बघायचं, ते घरमालकाला माहीत असायला हवं.

आधी हे समजून घ्या

उपकरणाच्या आत फेजची (वीज आणणारी) तार सुटून पत्र्याला टेकली, तर तो करंट जमिनीत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. वाट जितकी मोकळी, तितका जास्त करंट वाहतो. वाटेचा अडथळा ओहममध्ये मोजतात.

आता हिशेब बघा. अर्थ ६० ओहम असेल तर २३० व्होल्टला साधारण ३.८ अँपिअर करंट वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) त्याने कधीच पडणार नाही. मशीनचा पत्रा तसाच जिवंत राहील आणि तुम्ही त्याला हात लावाल. पाच ओहम असेल तर ४६ अँपिअर. तेवढ्यावर १६ चा एमसीबी पडतो, पण झटक्यात नाही, काही सेकंद घेतो.

म्हणून आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पुरवठा तोडतो. मग आरसीसीबी असताना अर्थिंग कशाला? अर्थिंग असेल तर बिघाड होताच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तरी तो पडतो, पण तुमच्या शरीरातून करंट गेल्यावर. दोन्ही हवेत. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

१. जागा ठरवा, आणि ती पेव्हर बसवायच्या आधी

गोव्यातली जमीन पावलागणिक बदलते. सड्यावर आणि डोंगरउतारावर चिरा असतो. वरचा थर कातळासारखा, पावसाचं पाणी ठरू न देणारा, उन्हाळ्यात खडखडीत कोरडा. तो वीज वाहून न्यायला वाईट. बऱ्याच ठिकाणी या कठीण थराखाली मऊ, ओलसर माती लागते. विहीर खणलेल्या घरांत वडीलधाऱ्यांना ती किती खोल आहे ते नेमकं माहीत असतं. त्यांना विचारा. मांडवी-झुवारीच्या काठच्या खाजन जमिनीत उलटं आहे. खारट, ओली माती, त्यामुळे ओहम सहज कमी येतात, पण तीच माती लोखंड खाते. तिथे जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) काही वर्षांत पोखरला जातो.

जागा निवडताना:

- भिंतीपासून निदान दीड मीटर लांब.
- बारमाही ओल असेल तिथे. आमच्याकडे न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात जातं, त्याच्या कडेला दुसरा खड्डा घेतला.
- विहिरीच्या जवळ मीठ घातलेला खड्डा नको. ते मीठ पाझरून पिण्याच्या पाण्यात उतरू शकतं.
- दुसऱ्या खड्ड्यासाठीही जागा राखा. दोन पाइपांमधलं अंतर पाइपाच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे पाच मीटर असावं. दोन पाइप शेजारी-शेजारी ठोकून फारसं काही मिळत नाही.
- मीटर आणि मेन बोर्डापासून फार दूर नको.

आम्ही जागा ठरवली तोवर अंगणात फरशी बसली होती. ती फोडावी लागली.

२. माणूस आणि कागद

गोव्यात वीजपुरवठा सरकारचं वीज खातंच करतं. अर्ज आपल्या भागाच्या उपविभागीय कार्यालयात किंवा ऑनलाइन. नवीन जोडणीसाठी घरातली वायरिंग परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने करून तसा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. बांधकामावरच्या ओळखीच्या मिस्त्रीने काम करायचं आणि शेवटी कुठल्यातरी कंत्राटदाराची सही-शिक्का आणायचा, ही पद्धत सर्रास आहे. आमच्याकडेही तसंच झालं होतं. सही करणाऱ्याने खड्डा पाहिलाच नव्हता. कंत्राटदाराचा परवाना क्रमांक आणि मुदत काम सुरू होण्याआधी बघा, आणि पाइप उतरताना तो स्वतः किंवा त्याचा सुपरवायझर हजर राहील हे ठरवून घ्या.

सोबत ठेवायचे कागद:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा: विक्रीखत, एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा, घरपट्टीची पावती, यातलं जे लागू असेल ते
- नवीन बांधकाम असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट
- सामाईक मालकी असेल तर इतर वारसांची ना-हरकत (वडिलोपार्जित घरांत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आधी सुरू करा)
- कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट
- मागितलेला भार किती किलोवॉट, त्याची उपकरणांनुसार यादी

तुमच्या प्रकरणात आणखी काही लागतं का, ते कार्यालयात लेखी विचारून घ्या. अर्ज पूर्ण झाल्यावर जोडणी किती दिवसांत द्यायची, याची मुदत २०२४ साली दुरुस्त झालेल्या ग्राहक हक्क नियमांत आहे: नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. एक कागद कमी असला की दिवस मोजणं सुरूच होत नाही.

३. खड्डा

भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१८ ची. घरासाठी सहसा तीनपैकी एक प्रकार घेतात.

जीआय पाइप: किमान ३८-४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब, अंगाला भोकं असलेला. भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि जाळी.

प्लेट: ६० बाय ६० सेंटिमीटरची, जीआय असेल तर ६.३ मिलिमीटर जाड, उभी पुरायची, वरची कड जमिनीखाली दीड मीटर तरी असावी. चिऱ्यात एवढा मोठा खड्डा खणणं महाग पडतं.

तांब्याचा मुलामा दिलेला रॉड: भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) किंवा तयार केमिकल भरतात. बोअर मारून सोडता येतो.

माझं मत सांगतो. चिऱ्याच्या जमिनीत बोअर मारून खोल जाणं सगळ्यात फायद्याचं. कारण आकड्यांत आहे. मानकातलं सूत्र लावलं तर १०० ओहम-मीटर रोधकतेच्या (माती वीज किती अडवते त्याचं माप) मातीत अडीच मीटरचा एक पाइप साधारण ३५ ओहम देतो. तोच पाइप सहा मीटर केला तर १७ च्या आसपास. जाडी दुप्पट केल्याने फरक किरकोळ पडतो, लांबीने पडतो. आणि प्रत्यक्षात खाली ओली माती लागली तर आकडा आणखी उतरतो. बोअर शक्य नसेल तर पाच मीटर अंतरावर दोन पाइप, जमिनीखालून जीआय पट्टीने जोडलेले. खाजन भागात किंवा समुद्राच्या जवळ मीठ घालूच नका, तिथे आधीच भरपूर आहे. तांब्याच्या मुलाम्याचा रॉड आणि बेंटोनाइट घ्या.

'एक ओहम करून देतो' असं कोणी खड्डा खणायच्या आधी सांगितलं, तर त्याला विचारा कुठल्या मातीत.

खड्डा भरताना तुम्ही तिथे उभे राहा. कामावर जायचं असेल तर सुट्टी घ्या. पाइप जमिनीवर आडवा असताना शेजारी टेप धरून फोटो काढा, उतरवताना फोटो काढा, भरताना काढा. एकदा चेंबर बांधलं की झाकण उघडून आत काय आहे ते कोणालाही कळत नाही. दिसतो तो फक्त पाइपाचा वरचा वीतभर तुकडा, आणि तीन फुटांच्या पाइपाचाही तो तसाच दिसतो.

एक बारीक गोष्ट, पण किनारपट्टीला मोठी: तांब्याची तार थेट जीआय पाइपाला बोल्टने आवळू नका. खारी हवा आणि ओल यांत दोन धातूंचा सांधा आतून कुजतो. कथिलाचा मुलामा दिलेलं लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी) वापरा, बोल्ट घट्ट करून वर ग्रीस लावा. सांधा चेंबरमध्ये उघडा राहिला पाहिजे, काँक्रिटमध्ये गाडू नका.

४. खड्ड्यापासून सॉकेटपर्यंत

अर्थची तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी. जाडीचा नियम सोपा आहे: फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थची तारही तेवढ्याच जाडीची. गिझरला ४ ची फेज आणि एकची अर्थ, असली काटकसर चालवून घेऊ नका.

प्रत्येक सॉकेट, प्रत्येक धातूचा बोर्ड, पंखे, गिझर, विहिरीवरचा पंप या सगळ्यांपर्यंत ती पोचली पाहिजे. पंप तीन फेजचा असेल तर त्याच्या सांगाड्याला दोन वेगळ्या अर्थ तारा लागतात. प्लास्टर आणि रंग झाल्यावर, सॉकेटची झाकणं बसायच्या आधी, एक-एक बोर्ड मोजा: डीबीतल्या (घराच्या मुख्य स्विचपेटीतल्या) अर्थ पट्टीपासून त्या सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत सलगता आहे का. मल्टिमीटर असेल तर अर्ध्या तासाचं काम. आमच्या घरात हे कोणी केलं असतं तर मशीनमागची गुंडाळलेली तार तेव्हाच सापडली असती.

पाण्याच्या नळाला अर्थ जोडायची जुनी पद्धत विसरा. आता नळ प्लास्टिकचे असतात.

५. डीबीमध्ये काय हवं

- मेन आयसोलेटर (सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच)
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एक फेजला दोन पोलचा, तीन फेजला चार पोलचा. 'टाइप ए' मागा. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांची गळती साध्या 'टाइप एसी'ला नीट कळेलच असं नाही.
- प्रत्येक लाइनला एमसीबी. आरसीसीबी जादा भारापासून वाचवत नाही, ते काम एमसीबीचं.
- अर्थ पट्टी आणि न्यूट्रल पट्टी, दोन वेगळ्या.

शक्य असेल तर अंगण, बाल्कांव (घरापुढचा व्हरांडा) आणि न्हाणीची लाइन वेगळ्या आरसीबीओवर (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला स्विच) घ्या. चतुर्थीची आरास, नाताळचं नक्षत्र, पावसात भिजलेला बाहेरचा दिवा, यांपैकी कशाने गळती झाली तर तेवढंच बंद पडेल. नाहीतर सगळं घर अंधारात जातं, आणि दोन-तीनदा असं झालं की घरातलंच कोणीतरी 'तो स्विच काढूनच टाका' म्हणतं.

आता सगळ्यात घातक सापळा. चिऱ्यात खड्डा खणायचा कंटाळा, म्हणून काही मिस्त्री अर्थची तार सरळ न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक वाटतं. पण आपल्याकडे लाइन माडांमधून येते. पावसात झावळ पडते, तार तुटते. तुटलेली तार न्यूट्रलची असेल, तर घरातल्या चालू दिव्या-पंख्यांमधून फेज उलट फिरून न्यूट्रलवर येते, आणि तिथून अर्थच्या तारेने फ्रिज, मशीन, गिझर सगळ्यांच्या पत्र्यावर. बिघाड एकाही उपकरणात नसताना सगळं घर जिवंत होतं. घराच्या आत अर्थ आणि न्यूट्रल कुठेही एकत्र आलेले नसावेत. कंत्राटदाराला हे तोंडी नाही, डीबी उघडून दाखवायला सांगा.

इन्व्हर्टर बसवायला नंतर येणारा माणूस वेगळा असतो. तो दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र करतो, आरसीसीबी पडायला लागतो, आणि मग तो आरसीसीबीच वगळून जोडणी करून जातो. इन्व्हर्टर बसल्यावर टेस्ट बटण दाबून बघितल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.

६. मोजणी

टेस्ट रिपोर्टवर अर्थचा एक आकडा लिहायचा असतो. तो मोजलेला असावा. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

खरी मोजणी अर्थ टेस्टरने होते. खड्ड्यापासून एका रेषेत दोन लोखंडी खुंट्या ठोकतात. लांबची समजा ३० मीटरवर, मधली त्याच्या साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. मधली खुंटी थोडी पुढे-मागे करून पुन्हा मोजतात. आकडा जवळपास तोच राहिला तर तो खरा. मोजताना अर्थची तार घरापासून सोडवलेली हवी, आणि त्यासाठी मेन बंद. एवढी मोकळी जागा अंगणात नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. खुंट्या तासाभरापुरत्याच लागतात.

बल्ब लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब पेटवून 'बघा, अर्थिंग एक नंबर' म्हणतात. त्या बल्बचा स्वतःचा अडथळा सुमारे ५२९ ओहम असतो. अर्थ १०० ओहम असला तरी बल्बला १९० व्होल्टच्या वर मिळतात आणि तो छान पेटतो. एलईडी तर त्याहून वाईट अर्थवरही पेटेल. शिवाय तेवढ्या वेळात खड्ड्याशी जोडलेल्या सगळ्या पत्र्यांवर ३६ व्होल्ट चढतात.

आरसीसीबीचं टेस्ट बटणही अर्थिंगची परीक्षा घेत नाही. ते बटण आतल्या आत कृत्रिम गळती करतं. अर्थची तार नसलेल्या घरातही ते दाबलं की आरसीसीबी पडतो. मी स्वतः याच बटणावर विसंबून निर्धास्त होतो.

आणि ऋतू. जून ते सप्टेंबर गोव्यात इतका पाऊस असतो की कुठलाही खड्डा चांगला आकडा देतो. आमचा दुरुस्त केलेला पहिला खड्डा पावसाळ्यात पंचवीसच्या आत होता. मे महिन्यात तोच साठ. म्हणून दुसरा घेतला. तुमची जोडणी पावसात होत असेल तर हातातला आकडा सर्वोत्तम दिवसाचा आहे असं धरा आणि मेमध्ये पुन्हा मोजा.

आकडा किती हवा? घरासाठी सहसा पाच ओहम किंवा कमी हे लक्ष्य धरतात. चिऱ्यात ते एका पाइपाने मिळणं कठीण. मिळालं नाही म्हणून खोटा आकडा लिहू नका. आरसीसीबी चालू आहे याची खात्री ठेवून दुसरा पाइप किंवा खोल बोअर करा.

त्याच दिवशी ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंगचं इन्सुलेशनही मोजून घ्या. निदान एक मेगाओहम हवं. नव्या घरात ते त्याहून कितीतरी जास्त येतं. कमी आलं तर कुठेतरी खिळा तारेत घुसलेला असू शकतो.

७. मीटर लागताना

खात्याचे लोक येतात तेव्हा टेस्ट रिपोर्ट, खड्ड्याचे फोटो आणि चेंबरची किल्ली हाताशी ठेवा. मीटरपेटी धातूची असेल तर तिलाही अर्थ जोडलेला असावा. पुरवठा सुरू झाल्यावर घरात पहिली गोष्ट म्हणजे आरसीसीबीचं बटण दाबणं, दुसरी म्हणजे प्रत्येक सॉकेटमध्ये सॉकेट टेस्टर घालून फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना ते बघणं. पुढे कधी बाहेरची तार तुटलेली दिसली किंवा दिवे अचानक मंद-प्रखर व्हायला लागले, तर मेन बंद करा आणि वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. दिव्यांचं असं वागणं न्यूट्रल सुटल्याचं लक्षण असू शकतं.

८. पुढची वर्षं

महिन्यातून एकदा टेस्ट बटण. बटण दाबून पडला नाही तर आरसीसीबी त्याच दिवशी बदला. फेब्रुवारी ते मे नरसाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी. चतुर्थीच्या आधी चेंबर उघडून सांधा गंजला आहे का बघा, बोल्ट आवळा.

दर मे महिन्यात एकदा मोजणी, आणि आकडा व तारीख चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. आकडा एकदम दुप्पट झाला तर आधी सांधा तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. सांधा ठीक असेल तर आठवडाभर पाणी घालून पुन्हा मोजा. तरीही उतरला नाही, तर पाइप खालून संपला आहे. नवा घ्या, आणि तो उतरवताना टेप हातात ठेवा.